गाडीच्या नेव्हिगेशनचा डिस्क ड्राइव्ह घरीच दुरुस्त करताना

नकाशा डीव्हीडीवरून वाचणाऱ्या नेव्हिगेशनच्या स्क्रीनवर 'डिस्क वाचता येत नाही' असं आलं की लोक थेट अख्खं युनिट बदलायच्या गोष्टी करायला लागतात. पण यातले बरेचसे ड्राइव्ह मेलेले नसतातच, डिस्क वाचणाऱ्या लेझरच्या भिंगावर धूळ बसलेली असते नाहीतर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. त्यामुळे आधी संशय कुणावर घ्यायचा त्याचा क्रम ठरवा, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

पहिला संशय डिस्कवर. नकाशा बाकी सगळीकडे नीट दिसतोय आणि एका ठराविक भागात गेलं की स्क्रीन कोरी होते किंवा अडकते, असं असेल तर ड्राइव्ह उघडू नका, डिस्कच्या तेवढ्याच जागी ओरखडा असायची शक्यता जास्त. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण डेटा गोल गोल लिहिलेला असतो आणि त्याच दिशेने ओरखडा पडला तर लांबच लांब पट्टा एकदम जातो. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवलं असेल तर तेही कारण असू शकतं, तोल जातो आणि गाडीच्या उन्हात कडा सुटून स्लॉटमध्ये अडकते ते वेगळंच. ब्रशवाल्या क्लीनर डिस्क मिळतात त्या मला पटत नाहीत, ब्रश जोरात घासला तर भिंग हलतं, आणि स्लॉटमध्ये अडकली की मग काढत बसा.

दुसरी खूण, युनिट म्युझिक सीडी वाजवतं का ते बघा. सीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरवर वाचली जाते आणि डीव्हीडी ६५० च्या, म्हणजे सीडी मस्त वाजतेय पण नकाशाची डीव्हीडी घेत नाही तर मोटर, सरकणारा भाग, कनेक्शन हे सगळं बहुतेक ठीक आहे आणि डीव्हीडीचा लेझर थकलाय, किंवा भिंग एवढं मळलंय की डीव्हीडीच्या बारीक खुणा त्याला दिसत नाहीत. दोन्ही चालत नाहीत तर पुढे वाचा. थंडीत सकाळी घेत नाही आणि गाडी तापली की चालतो, तर दव किंवा घट्ट झालेलं ग्रीस. उलट अर्ध्या तासाने गरम झाल्यावर बंद पडतो तर लेझरकडे बघायचं.

आता काढायचं कसं. ड्राइव्ह कुठे आहे ते गाडीगाडीवर आहे, कुठे स्क्रीनच्या मागे, कुठे सीटखाली, कुठे डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे. आधी रेडिओ परत सुरू करायचा सुरक्षा कोड असेल तर तो शोधून ठेवा, बॅटरी काढली की तो विचारला जातो आणि मग लोक हातात स्क्रू धरून कागद शोधत बसतात. इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा, एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो म्हणून. डॅशबोर्डमागे पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुतेक एअरबॅगचेच असतात, त्यांना हात लावायचा नाही. पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने उचला, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने कडा तुटतात. आणि प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो, कारण लांब आणि आखूड स्क्रू मिसळले की लांब स्क्रू सर्किट बोर्डात घुसतो. मी घुसवलाय.

ड्राइव्ह उघडलात की आत एक लटकता सांगाडा दिसेल, स्प्रिंग आणि रबरी डॅम्परवर टांगलेला, रस्त्याचे धक्के लागू नयेत म्हणून. स्प्रिंग कुठल्या खाचेत होती ते फोटोत पक्कं करा. काही युनिट आडवं-उभं दोन्ही बसवता येतात आणि त्यानुसार खाच बदलते, चुकली की गाडी हलली की डिस्क उडी मारते आणि आपण लेझरला शिव्या देतो. सपाट पट्टीसारखी केबल असते ती ओढून काढायची नाही, कनेक्टरची लॅच नखाने उघडायची मग ती अलगद येते. ही पट्टी फाटली की दुरुस्तीचा खेळ संपला, तिथे घाई करूच नका.

चालू केल्यावर ड्राइव्ह काय करतो ते माहीत असेल तर दोष पटकन सापडतो. आधी लेझर बसवलेला सरकता भाग आतल्या टोकाला जातो आणि तिथल्या छोट्या स्विचला टेकतो, मग भिंग वर-खाली हलून फोकस शोधतं, फोकस सापडला तरच डिस्क नीट फिरायला लागते. म्हणून बऱ्याचदा डिस्क फिरत नाही म्हणून लोक मोटर बदलतात आणि खरं कारण भिंगावरची धूळ असते, भिंगाला काहीच दिसत नाही म्हणून मोटर सुरूच केली जात नाही. सरकता भाग आतल्या टोकाला गेलाच नाही तर सुकलेलं ग्रीस नाहीतर तो स्विच. मोटर बोटाने फिरवल्यावर अडखळत असेल, किंवा थोडी ढकलली की चालू होते, तर मोटर खरंच गेलीये. चालू ड्राइव्हच्या भिंगात डोकावून बघू नका, लेझर आहे तो, बाजूने बघितलं तरी भिंग हलतं का ते कळतं.

भिंग पुसायचं तर आधी हवेच्या रबरी फुंकणीने फुंकायचं, मग कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, काडी पिळून, आणि हाताचं वजन न टाकता एकदोन फेऱ्या. भिंग बहुतेक प्लास्टिकचं असतं, त्यामुळे थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही नाही. ज्या दांड्यांवर लेझरचा हा भाग सरकतो त्या पुसून जुनं ग्रीस काढा आणि प्लास्टिकला चालेल असं ग्रीस अगदी पातळ लावा, गंज काढायचा स्प्रे मारला तर तो उडून भिंगावर जातो आणि आधीपेक्षा वाईट होतं. लेझरच्या बाजूला एक बारीक फिरवायचा स्क्रू दिसेल, फिरवला की पावर वाढते असं सगळे सांगतात. फिरवू नका, वाढलेल्या पावरने थकलेला लेझर चार दिवस चालतो आणि मग कायमचा जातो.

एवढं करूनही नाही चाललं तर लेझर बदलायचा. त्यावर छापलेला नंबर जुळवूनच नवीन घ्या, दिसायला सारखा असून भागत नाही. माझं मत विचाराल तर नुसता लेझर बदलण्यापेक्षा तसाच दुसरा पूर्ण लटकता सांगाडा मिळाला तर तो घ्या, मोटर आणि दांड्या जागच्या जागी असतात, रांगेत आणण्याची कटकट नाही. बोर्ड मात्र आपलाच ठेवा. नव्या लेझरवर स्थिर विजेपासून वाचवायला सोल्डरचा एक थेंब दोन जागा जोडून ठेवतो, तो केबल लावल्यावर काढायचा, आधी नाही, आणि काढायला विसरलात तर ड्राइव्ह काहीच वाचणार नाही. नुसत्या हाताने धरण्याआधी गाडीच्या लोखंडाला हात लावून वीज उतरवा, मनगटाचा पट्टा असेल तर उत्तमच.

बसवण्याआधी अर्धवट जोडून चाचणी घ्या, पण वरचं झाकण काढून नको, डिस्क दाबून धरणारी चकती बऱ्याच ड्राइव्हमध्ये झाकणातच असते आणि ती नसली की डिस्क घसरते. केबल कुठे दबत नाहीत ना ते बघा, मग सगळं बंद करा आणि बॅटरी जोडा. बॅटरी काढल्याने उपग्रहांची माहिती पुसली गेली असेल तर नकाशा येईल पण गाडी भलतीकडेच दिसेल, जीपीएसची पूर्ण माहिती उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून गाडी उघड्यावर उभी करून पंधरा मिनिटं गप्प बसा, नाहीतर तेवढ्यासाठी परत डॅशबोर्ड उघडायला घ्याल.