पोस्टग्रेसचा बॅकअप नव्या संगणकावर चढवताना ओळख नाकारली गेल्यास

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या जिनिंग कारखान्याचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो नव्या संगणकावर न्यायचा आहे, काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत आणि बॅकअप चढवताना ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा संदेश येतो आहे, अशा वेळी बॅकअपची फाइल खराब झाली असे समजू नये. त्यातील माहिती सर्व्हरपर्यंत अजून पोहोचलेलीच नसते. सर्व्हरने फक्त तुमची ओळख मान्य केलेली नसते.

संदेश पूर्ण वाचावा. त्यात ‘पीअर’ हा शब्द असेल, तर पासवर्डचा संबंध नाही; लिनक्सवरील तुमचे नाव आणि डेटाबेसमधील वापरकर्त्याचे नाव जुळत नाही. ‘पोस्टग्रेस’ या लिनक्स वापरकर्त्याच्या नावाने आज्ञा चालवावी, किंवा होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हाच संगणक) द्यावा.

‘पासवर्ड’ हा शब्द असेल, तर मात्र थांबून विचार करावा, कारण तो वापरकर्ता नव्या सर्व्हरवर अस्तित्वातच नसला तरी हाच संदेश येतो. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. माझ्या मते बहुतेकांची गाडी इथेच अडते. पीजी-डंप ही आज्ञा एका डेटाबेसचा बॅकअप घेते, आणि वापरकर्ते संपूर्ण सर्व्हरचे असल्याने ते त्यात येत नाहीत. जुना संगणक चालू असेपर्यंतच पीजी-डंपऑल ‘ग्लोबल्स-ओन्ली’ या पर्यायासह चालवून ते वेगळे काढावेत आणि बॅकअपच्या आधी चढवावेत. तरीही नकार आला, तर जुना पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेला आहे का ते पाहावे. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून पासवर्ड साठवण्याची स्क्रॅम ही पद्धत आपोआप लागू असते, आणि पीजी-एचबीए फाइलमध्ये (कोणी, कुठून आणि कोणत्या पद्धतीने आत यायचे हे सांगणारी सर्व्हरची फाइल) स्क्रॅमची ओळ असल्यास एमडी५चा पासवर्ड चालत नाही. तो नव्याने ठरवून द्यावा.

घाईने त्या फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहू नये. त्या ओळीत बसणारा कोणीही पासवर्डाविना आत येतो, आणि शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब असा उघडा ठेवणे योग्य नाही. या फाइलमधील जुळणारी पहिलीच ओळ लागू होते, म्हणून नवी ओळ कुठे लिहिली हेही तपासावे आणि बदलानंतर सर्व्हर रिलोड करावा.

बॅकअप चढल्यावर काट्यावरील संगणकातून, रोजच्या वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन करून पाहावे. त्या संगणकाच्या आयपी पत्त्यासाठी पीजी-एचबीए फाइलमध्ये ओळ नसेल, तर ‘नो पीजी-एचबीए एंट्री फॉर होस्ट’ असा वेगळा संदेश येतो आणि ती ओळ घालावी लागते.