अमेरिकेची निवडणूक डोंबिवलीत बसून कशी पाहावी

अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्यांचे दागिने निर्यात करणाऱ्या एका युनिटमध्ये मी डॉक्युमेंटेशनचं काम करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, विमानाचं बुकिंग हे सगळं माझ्याकडे. आमचा बराचसा माल न्यूयॉर्कला जातो. दर चार वर्षांनी नोव्हेंबर जवळ आला की घरचे आणि शेजारचे विचारतात, "तिकडे कोणीही निवडून येवो, तुला काय त्याचं?" त्याचं उत्तर मी एका तारखेत देते.

२७ ऑगस्ट २०२५. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट. त्या मिनिटाला भारतातून जाणाऱ्या बहुतेक मालावरचं जादा आयातशुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. सोन्याच्या दागिन्यांवर ५ ते ७ टक्के शुल्क पूर्वीपासून होतंच, हे त्याच्या वर. कारण दिलं होतं रशियाकडून आपण घेत असलेल्या तेलाचं. दागिने घडवणाऱ्या कारागिराचा त्या तेलाशी काडीचा संबंध नाही, तरी पुढच्या महिन्यातला ओव्हरटाइम मिळणार की नाही हे त्यावर ठरणार होतं. आणि यासाठी अमेरिकेच्या संसदेत मतदान झालेलं नव्हतं. १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेशावर सही केली होती, एवढंच.

परदेशातले लोक ही निवडणूक इतक्या बारकाईने का पाहतात, तर त्या सहीमुळे. ती सही कोणाच्या हातात जाणार हे ठरवायला आपल्याला मत नाही, पण तिचा परिणाम आपल्या घरापर्यंत येतो. ज्याला मत नाही त्याने निदान समजून तरी घ्यावं, या मताची मी आहे. म्हणून माझी पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे. पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला, मंगळवारी आहे. तयारीला भरपूर वेळ आहे.

आपला संबंध कुठे येतो ते आधी ठरवा

सगळं पाहायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. भाषणं, वादविवाद, कोणी कोणाला काय म्हटलं यातच चार महिने निघून जातील. आधी स्वतःला विचारा, माझ्या आयुष्याला त्या खुर्चीचा हात नेमका कुठे लागतो?

माझ्यासाठी ते आयातशुल्क आहे. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला आहे त्यांच्यासाठी व्हिसा. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारी घोषणा झाली आणि रविवारपासून ती लागू झाली. तो नियम कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, हे स्पष्ट होईपर्यंत सुट्टीवर इथे आलेली कितीतरी मुलं विमानतळाकडे धावली. तीही एक सहीच. पेट्रोलचा विचार करणाऱ्याने इराण पाहावा. मे २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली, निर्बंध परत आले, आणि मे २०१९ पासून आपण इराणचं तेल घेणं थांबवलं.

पण प्रत्येक गोष्ट राष्ट्राध्यक्षाच्या हातात नसते, आणि आपल्याकडच्या चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग घ्या. एका देशाच्या लोकांना वर्षाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्डं नाहीत, ही मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. ती बदलायला सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही संसदेची दोन्ही सभागृहं लागतात. कोणताही उमेदवार "मी रांग संपवतो" म्हणाला तर एकट्याच्या जोरावर ते त्याला करता येणार नाही. उलट एच-१बी धारकांच्या जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची परवानगी २०१५ मध्ये मिळाली ती सरकारी नियमाने, आणि जे नियमाने मिळतं ते नियमाने काढूनही घेता येतं. भारत-अमेरिका अणुकरार २००८ मध्ये झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांची इच्छा पुरेशी नव्हती. सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला तेव्हाच सही झाली.

म्हणून एका कागदावर दोन रकाने आखा. एकात राष्ट्राध्यक्ष एकट्याने करू शकतो त्या गोष्टी, दुसऱ्यात संसद लागते त्या. आपली काळजी कुठल्या रकान्यात बसते ते पाहिलंत की निकालाच्या दिवशी कुठे नजर ठेवायची ते कळतं. काळजी दुसऱ्या रकान्यातली असेल तर सिनेटच्या जागा अध्यक्षपदाइतक्याच महत्त्वाच्या.

उमेदवाराच्या वंशावरून मात्र काही ठरवू नका. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्यासाठी तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावात, त्यांच्या आजोळच्या मूळ गावी, पूजा झाल्या. त्या गावाचा आनंद मला पटतो. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहावर निवडून आले, तेव्हा मलाही मनापासून बरं वाटलं. पण शुल्काचा तक्ता आडनाव पाहून तयार होत नाही. आणि पक्ष बदलला म्हणजे सगळं बदलतं असंही नाही. जून २०१९ मध्ये ट्रम्प यांनी भारताची जीएसपी सवलत, म्हणजे ठरावीक माल शुल्काविना पाठवण्याची मुभा, काढून घेतली. त्यांच्यानंतर बायडन चार वर्षं होते, पण ती सवलत भारताला परत मिळाली नाही.

नकाशा, आणि मतांचा हिशोब

देशभरातली एकूण मतं विसरा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली आणि त्या हरल्या. कारण राष्ट्राध्यक्ष निवडतात ५३८ प्रतिनिधी, ज्याला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. प्रत्येक राज्याला त्याच्या वाट्याचे प्रतिनिधी, आणि मेन व नेब्रास्का सोडली तर राज्यात ज्याला एक मत जास्त त्याला ते सगळे. २७० चा आकडा गाठायचा असतो.

कॅलिफोर्नियाचे ५४ कोणाला जाणार हे आधीच माहीत असतं. ते पाहण्यात वेळ घालवू नका. २०२४ मध्ये सात राज्यांवर सगळं होतं: पेनसिल्वेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना प्रत्येकी १६, मिशिगन १५, अ‍ॅरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. सातही ट्रम्प यांना गेली आणि निकाल ३१२ विरुद्ध २२६ लागला. २०२८ मध्ये हेच आकडे राहतील, कारण ते २०२० च्या जनगणनेवरून ठरले आहेत आणि पुढची जनगणना २०३० ची. अटीतटीची राज्यं मात्र थोडी बदलू शकतात, म्हणून सप्टेंबरमध्ये यादी ताजी करून घ्या.

ही राज्यं किती थोडक्यात फिरतात ते ध्यानात ठेवा. २०२० मध्ये अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली बायडन यांची एकत्र आघाडी सुमारे ४३ हजार होती. एवढी माणसं आमच्या डोंबिवलीत सकाळच्या लोकलला सहज दिसतात. २००० मध्ये तर फ्लोरिडात ५३७ मतांनी निर्णय झाला, तोही सर्वोच्च न्यायालयात १२ डिसेंबरला. त्यामुळे मतचाचणी वाचताना ती राष्ट्रीय असेल तर पान उलटा. राज्याची असेल तर वाचा, आणि एक-दोन टक्क्यांचा फरक म्हणजे बरोबरी समजा.

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्या, पक्षांची अधिवेशनं हे सगळं वर्षभर चालतं. मी त्यात फक्त उमेदवारांची व्यापाराविषयीची भाषणं वाचते. ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात सरसकट आयातशुल्क लावणार असं अनेकदा सांगितलं होतं. निवडणुकीतलं बोलणं म्हणून ज्यांनी ते सोडून दिलं त्यांची पुढच्या वर्षी धावपळ झाली.

मोजणीची सकाळ

तिकडची मंगळवारची संध्याकाळ म्हणजे आपली बुधवारची पहाट. ८ नोव्हेंबर २०२८ ला पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यामागे साडेदहा तास असेल, कारण त्यांची घड्याळं मतदानाच्या दोनच दिवस आधी एक तास मागे गेलेली असतील. मतदान संपण्याच्या वेळा साधारण नेहमीच्याच राहिल्या तर आपल्या घड्याळात हिशोब असा बसतो. साडेचारला इंडियाना आणि केंटकीच्या मोठ्या भागातलं मतदान संपतं. त्यासाठी उठू नका. साडेपाचला जॉर्जिया, सहाला नॉर्थ कॅरोलायना. साडेसहाला पेनसिल्वेनिया आणि मिशिगनचा बहुतेक भाग, साडेसातला अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिन, साडेआठला नेवाडा. मी डोंबिवलीहून घाटकोपर लोकल आणि तिथून मेट्रो करते. चहा पिताना जॉर्जिया सुरू झालेलं असतं आणि घाटकोपरला उतरेपर्यंत पेनसिल्वेनियाचे पहिले आकडे आलेले असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. तिथे आपल्यासारखा देशभरची निवडणूक घेणारा आणि निकाल लावणारा निवडणूक आयोग नाही. निवडणुका राज्यं घेतात, मोजणी काउंट्या म्हणजे त्यांचे जिल्हे करतात, आणि अधिकृत प्रमाणपत्रं यायला काही आठवडे लागतात. त्या रात्री "अमुक जिंकला" असं सांगते ती असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि मोठ्या वाहिन्या. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. मागे पडलेल्याला उरलेल्या मतांत गाठणं शक्य नाही अशी खात्री पटल्यावरच ती नाव जाहीर करते. मी तिचाच आकडा धरते. आपल्या वाहिन्यांवर सकाळी सातला "आघाडीवर" म्हणून रंगवलेला नकाशा दिसतो तो बाजूला ठेवा.

का, ते सांगते. टपालाची मतं आणि केंद्रावर जाऊन दिलेली मतं अलीकडे वेगवेगळ्या पक्षांकडे झुकतात, आणि राज्याराज्यात ती मोजण्याचा क्रम वेगळा. फ्लोरिडा टपाली मतं आधीच तयार ठेवते, म्हणून तिचा निकाल झटपट येतो. पेनसिल्वेनियाच्या कायद्यात मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी टपालाची पाकिटं उघडता येत नाहीत. २०२० मध्ये करोनामुळे लाखो मतं टपालाने आली होती. पहिल्या रात्री ट्रम्प तिथे काही लाखांनी पुढे दिसत होते. पाकिटं उघडत गेली तशी आघाडी उतरत गेली आणि शेवटी बायडन सुमारे ८० हजारांनी जिंकले. शनिवारी, ७ नोव्हेंबरला, निकाल जाहीर झाला. पहिल्या रात्रीचा नकाशा खरा मानलेल्यांना ही फसवणूक वाटली. क्रम माहीत असलेल्यांना हे असंच होणार हे आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून आघाडीपेक्षा दोन गोष्टी पाहा. पहिली, किती टक्के मोजणी झाली आणि उरलेली मतं कुठली आहेत. पेनसिल्वेनियातलं फिलाडेल्फिया शहर बाकी असेल तर डेमोक्रॅटिक, म्हणजे बायडन यांच्या, पक्षाची मतं अजून वाढायची आहेत. दुसरी, जिथे मोजणी पूर्ण होत आली आहे अशी एखादी काउंटी घ्या आणि मागच्या वेळचा आकडा शेजारी मांडा. २०२४ मध्ये मला सकाळी लवकर कल्पना आली ती फ्लोरिडातल्या मायामी-डेडवरून. २०१६ मध्ये ही काउंटी क्लिंटन यांनी जवळपास ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकली होती, २०२० मध्ये बायडन यांनी ७ टक्क्यांनी, आणि २०२४ मध्ये तिथे ट्रम्प ११ टक्क्यांनी पुढे. फ्लोरिडा अटीतटीचं राज्य नव्हतं, पण वारा कुठे वाहतो आहे ते त्या एका ओळीत दिसलं. दुपारी एकच्या सुमारास पेनसिल्वेनिया ट्रम्प यांच्याकडे गेलं, आणि चार वाजून चार मिनिटांनी असोसिएटेड प्रेसने विस्कॉन्सिनबरोबर निकाल जाहीर केला. आमच्या पार्सलचा कुरिअर चारला येतो. त्याला इन्व्हॉइस देताना मी साहेबांना सांगितलं, जानेवारीच्या आत जेवढा माल काढता येईल तेवढा काढू या.

निकालानंतर खरं काम

इथे बहुतेक लोक टीव्ही बंद करतात. तुम्ही करू नका. डिसेंबरमध्ये ते ५३८ प्रतिनिधी आपापल्या राज्यात मतं देतात, २०२८ मध्ये १९ तारखेला. ६ जानेवारीला संसद ती मोजते. २० जानेवारीला दुपारी बाराला शपथ, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. त्या रात्री जागायला हरकत नाही, कारण पहिले आदेश तेव्हाच निघतात. २०२१ मध्ये पॅरिस हवामान करारात परतण्याच्या कागदावर बायडन यांनी पहिल्याच दिवशी सही केली. २०२५ मध्ये त्याच करारातून आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचे आदेश ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी काढले.

शपथेच्या आधी नेमणुका वाचा. माझ्या कामाच्या दृष्टीने व्यापार प्रतिनिधी आणि वाणिज्यमंत्री ही दोन नावं सगळ्यात मोठी. व्हिसा ज्यांचा विषय आहे त्यांनी गृहसुरक्षा खात्याचं नाव पाहावं.

आणि बातमीवर थांबू नका, आदेश वाचा. ते व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर आणि फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात कोणालाही फुकट वाचता येतात. भाषा कायद्याची असते, पण तुम्हाला सगळं वाचायचं नसतं. लागू होण्याची तारीख आणि वेळ शोधा, वाटेत असलेल्या मालाला सूट आहे का ते पाहा, आणि मग परिशिष्ट उघडा. २०२५ च्या आदेशांत औषधं आणि स्मार्टफोन परिशिष्टामुळे वगळले गेले होते, दागिने नव्हते. "भारतावर ५० टक्के" या मथळ्यात हा फरक दिसत नाही. तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीतला आकडा, हाताशी ठेवा. आमचा ७११३ पासून सुरू होतो. परिशिष्टाच्या पीडीएफमध्ये तो आकडा टाकून शोधा, आणि सापडला किंवा नाही सापडला तरी लगेच आपल्या कस्टम्स ब्रोकरला फोन लावा, कारण अशा दिवशी दुपारपर्यंत त्याचा फोन लागत नाही.