टर्मिनलमध्ये कळा चुकीच्या चालतात तेव्हा: या चुका टाळा

बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसले जाण्याऐवजी टोपीचे चिन्ह आणि त्यापुढे एच उमटला, किंवा होम दाबताच ओळीत भलतीच अक्षरे आली, की बहुतेक जण लगेच सेटिंग्ज बदलू लागतात. सर्वांत मोठी चूक हीच आहे. टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम, चालू प्रोग्रॅमला कळ पाठवत नाही, तिच्यासाठी ठरलेले बाइट पाठवतो. त्यामुळे आपली कळ नेमके काय पाठवते हे आधी पाहावे. त्यासाठी ‘कॅट’ ही कमांड ‘व्ही’ पर्यायासह चालवून कळ दाबावी आणि मग एंटर द्यावे. एस्केप (पडद्यावर ते टोपीचे चिन्ह आणि चौकटी कंस असे दिसते), चौकटी कंस, ३ आणि टिल्ड असा क्रम दिसला, तर डिलीटची कळ नेहमीचाच संकेत पाठवत आहे आणि दोष पुढे, शेलमध्ये (आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) किंवा इतर प्रोग्रॅममध्ये आहे, असे समजावे.

बॅकस्पेसचा घोळ जुना आहे. काही टर्मिनल तिच्यासाठी ८ क्रमांकाचा बाइट पाठवतात, तर काही १२७ क्रमांकाचा, आणि पुसण्यासाठी कोणता बाइट मानायचा हे पलीकडच्या यंत्रणेत वेगळे नोंदलेले असते. हे दोन्ही जुळले पाहिजेत. ‘एसटीटीवाय’ कमांडच्या ‘इरेज’ या नोंदीत ते पाहता येते. मात्र एम्युलेटरचे सेटिंग आणि ही नोंद एकाच वेळी बदलू नये, कारण मग दोन्ही बाजू उलट होतात आणि बिघाड जसाच्या तसा राहतो.

टर्मिनलचा प्रकार प्रोग्रॅमना सांगणाऱ्या ‘टर्म’ या चलाची किंमत शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमची लिहून ठेवणे ही दुसरी चूक मला फार वेळा दिसते. ही किंमत एम्युलेटरने स्वतः द्यायची असते, आणि टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ती ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या कुळातलीच असावी लागते. दूरच्या सर्व्हरवर आपल्या टर्मिनलचे वर्णन (त्याच्या कळा आणि क्षमतांची नोंद) नसेल, तर खोटे नाव सांगण्यापेक्षा आपल्या संगणकावर ‘इन्फोसीएमपी’ने ते वर्णन काढून सर्व्हरवर ‘टिक’ने बसवणे अधिक योग्य आहे, त्यासाठी प्रशासकाचे अधिकारही लागत नाहीत, कारण ते आपल्याच होम डिरेक्टरीत बसवता येते.

बॅश या शेलसाठी ‘इनपुटआरसी’ फाइलमध्ये लिहिलेल्या कळांच्या जोडण्या झेडशेल हे दुसरे शेल वाचत नाही. तेथे ‘बाइंडकी’ वापरावे लागते. शेल बदलल्यावर कळा बिघडल्या असतील, तर प्रथम येथेच पाहावे.

कंट्रोलसह आय आणि टॅब, तसेच कंट्रोलसह एम आणि एंटर, या जोड्या पारंपरिक पद्धतीत एकच बाइट पाठवतात. त्यामुळे त्यांना वेगवेगळी कामे नेमण्यात तासन्‌तास घालवू नयेत. एम्युलेटर आणि प्रोग्रॅम या दोघांनाही विस्तारित कळ-संकेत येत असतील, तरच ते शक्य होते. आणि कंट्रोलसह एस दाबल्यावर पडदा गोठला, तर खिडकी बंद करू नये: ती प्रवाह थांबवण्याची जुनी सोय आहे, कंट्रोलसह क्यू दाबताच काम पुन्हा सुरू होते.