गोव्यातून ब्रिगहॅम यंगसाठी पोर्टफोलिओ

अमेरिकेतल्या युटा राज्यातील प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ललित कला व संज्ञापन महाविद्यालयाकडे अर्ज करताना दोन गोष्टी आधी बघा. विद्यापीठ मॉर्मन चर्चचे (लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाचे) आहे. आचारसंहिता मान्य करावी लागते, धर्माधिकाऱ्याची शिफारसही लागते. चर्चचे सदस्य नसलेल्यांना फी जास्त.

खरी मेहनत पोर्टफोलिओतल्या, म्हणजे निवडक कामांच्या संचातल्या, चित्रांच्या फोटोंवर घ्या. आपल्या पावसात कागद ओल धरून वाकतो, फोटोत सावल्या उमटतात. चित्र ब्लॉटिंग पेपरांत घालून दोन दिवस वजनाखाली ठेवा; कोळशाचे किंवा पेस्टलचे असेल तर मुळीच दाबू नका, पुसले जाईल. फोटो बलकांवात (घरापुढच्या छपराच्या ओट्यावर), उन्हाबाहेर काढा. जमीन लाल असेल तर पांढरी चादर अंथरा, नाहीतर चित्रावर तांबूस छटा येते. कॅमेरा चित्राला समांतर आणि मध्यावर धरा, नाहीतर चौकट तिरपी दिसते.