समुद्र नसलेल्या पुण्यातून समुद्री जिवांचं संशोधन

"मला डॉल्फिनवर काम करायचंय," असं सांगणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी आधी खेकड्यांकडे पाठवते. डॉल्फिनसाठी होडी लागते, डिझेल लागतं, वनखात्याची परवानगी लागते, आणि एवढं करून पाठीवरचा पर दोन-चार सेकंद दिसतो. खेकडा फुकट असतो आणि ओहोटीभर तुमच्या समोर असतो.

स्वारगेटहून एसटीनं दापोली-हर्णै गाठा, नाहीतर ताम्हिणीतून श्रीवर्धन. फक्त सुटी बघून निघू नका, तिथी बघून निघा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास सुकती, पूर्ण ओहोटी. उधाणाचा जोरही अजून असतो, त्यामुळे पाणी लांबवर जातं. पौर्णिमा-अमावास्येला ते असंच हटतं, पण सुकती पहाटे साडेपाचला येते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फारसं हटत नाही, तेव्हा जाऊ नका. हा झाला ढोबळ अंदाज. निघण्याआधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहाच.

ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. ती डोटिला नावाच्या नखाएवढ्या खेकड्याची. तो वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. बिळापासून सरळ रेषेत बाहेर जातो, परत येतो, मग दुसरी रेष धरतो. तुम्ही चालत आलात की सगळे बिळात. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट टाका, चार पावलं मागं बसा आणि दहा मिनिटं हलू नका.

मग दोन पद्धती. दर दोन मिनिटांनी चौकटीतल्या प्रत्येक खेकड्यावर नजर फिरवून कोण काय करतंय ते टिपायचं. किंवा एकच खेकडा निवडून पाच मिनिटं त्याचाच पिच्छा धरायचा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 साली या पद्धतींची जी शिस्त घालून दिली, तीच आजही चालते. वहीत पेन्सिलीनंच लिहा, शाई खाऱ्या पाण्यात पसरते. आणि 'घाबरला' असं लिहायचं नाही. 'बिळात गेला, 40 सेकंदांनी बाहेर आला' असं लिहायचं. हा एक नियम अंगवळणी पडायला बहुतेकांना वर्ष लागतं. चौकटीची चित्रफीतही काढा आणि त्याच चित्रफितीवरून मैत्रिणीलाही स्वतंत्र नोंदी करायला सांगा. दोघींचे आकडे जुळत नसतील तर कृतींच्या व्याख्याच ढिल्या आहेत.

आता प्रश्न, आणि तो एका ओहोटीत मावेल एवढाच. वाळू सुकत गेली की खेकडा बिळापासून कमी लांब जातो का? झालं, एवढ्यावर महिनाभर काम करता येतं.

हर्णैचा मासळीचा लिलावही सोडू नका. मुशी (छोटे शार्क), पाकट (चपटे रे मासे) यांची लांबी मोजा, नर की मादी ते बघा, पण तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला विचारून आणि लिलावाच्या आड न येता. (आमच्या सदाशिव पेठेतल्या आजीचा प्रश्न असायचा, "आपण मासे खात नाही, मग मोजायचे कशाला?") 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा पुण्यात बसून आर (R) ही आकडेमोडीची संगणकीय भाषा शिका. संख्याशास्त्राला पर्याय नाही. प्रजाती ओळखताना अडलात तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीतच आहे.

कासवं, डॉल्फिन, प्रवाळ, समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. परवानगी घेऊन केलेल्या कामाचं फळ कधी मिळेल हे मात्र सांगता येत नाही. ओडिशात 2021 साली टॅग लावलेली ऑलिव्ह रिडली कासवाची मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, हा समज त्यानं हलला. रात्री किनाऱ्यावर कुणीतरी टॅगवरचा क्रमांक वाचला म्हणून हे कळलं.

पदव्यांचं थोडक्यात. बीएस्सी प्राणिशास्त्र कुठल्याही बऱ्या कॉलेजातून चालेल. पुढं कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट), गोवा विद्यापीठ किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा, काढा. पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात.

मार्गदर्शकाला ईमेल करताना 'मला लहानपणापासून समुद्राची ओढ' ही ओळ खोडा. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यावरचा एक खरा प्रश्न लिहा आणि खेकड्यांच्या नोंदींचा एका पानाचा तक्ता जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही नाही आलं, तर पुढच्या नावाला लिहा.