संकटातून ताकद कशी काढायची, आणि त्याची घाई का करायची नाही

कोणावर काही वाईट ओढवलं की आजूबाजूचे लोक ठरलेलं वाक्य टाकतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. हेतू चांगला असतो हो, पण घाव बसून दगड फुटतो पण ना, त्याचं कोणी बोलत नाही. तर त्रास झाला म्हणजे माणूस आपोआप कणखर होतो हे आधी डोक्यातून काढून टाका. कणखरपणा नंतर येतो, आपण काहीतरी केलं आणि त्याने थोडंसं का होईना पण हललं, हे परत परत दिसलं की.

हे मी मनाचं नाही सांगत. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता (आज वाचताना क्रूरच वाटतो). काही कुत्र्यांना बसणारा शॉक स्वतः बंद करता येत होता, काहींच्या हातात काहीच नव्हतं. नंतर दोघांनाही अशा जागी ठेवलं जिथे नुसती उडी मारली की सुटका, तर पहिले पटकन सुटले आणि दुसऱ्यातले बरेचसे पडून राहिले, सहन करत. तेव्हा सगळे म्हणाले की हे हताश व्हायला शिकले. पण 2016 मध्ये त्याच दोघांनी आपलंच म्हणणं उलटं केलं, की हातपाय गाळणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते "माझ्या हातात काहीतरी आहे" हे. म्हणून तुम्ही दोन आठवडे नुसते छताकडे बघत पडला असाल तर तुम्ही कमकुवत वगैरे काही नाही.

आता करायचं काय. पहिले काही दिवस तर काहीच शिकायचं नाही, खरंच. "यातून मी काय शिकलो" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि झोप, जेवण, अंघोळ एवढं सांभाळा. राजीनामा, घर विकणं, नातं तोडणं असले मोठे निर्णय पुढे ढकलता येत असतील तर ढकला. रडू येतंय तर रडा, येत नाहीये तर "मी दगड झालोय का" म्हणून घाबरू नका, दोन्ही नॉर्मल आहे.

थोडं डोकं चालायला लागलं की एक कागद घ्या, अॅप नको, कागदच. डोक्यात फिरतंय ते सगळं लिहा आणि ज्यात तुम्ही आज काही करू शकता त्यावर गोल करा. बहुतेक जण इथेच फसतात कारण ते काम फार मोठं लिहितात. समजा जॉब गेलाय. "नवीन जॉब शोधणे" हे काम नाही, ते ओझं आहे, त्याच्याकडे बघूनच परत झोपावंसं वाटतं. "जुन्या मॅनेजरला एक्सपिरीयन्स लेटरसाठी चार ओळींचा मेल टाकणे" हे काम आहे, दहा मिनिटात होतं, सेंड दाबल्यावर त्यावर काट मारता येते. ती काट महत्त्वाची आहे, उत्तर येवो न येवो. रोज असं एकच, जास्त नको, कारण उत्साहाच्या भरात एका दिवशी आठ केली की दुसऱ्या दिवशी शून्य होतात.

आणि वाईट वेळेसाठी आधीच "तर" ठरवून ठेवा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, नुसतं "मी करेन" म्हणण्यापेक्षा "असं झालं तर मी हे करेन" असं नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं. म्हणजे, रात्री जुन्या ऑफिसचे फोटो बघत बसलो तर फोन उचलून बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. इतकं बारीक ठरवायचं, कारण रात्री दोन वाजता विचार करायची ताकद कोणातच नसते.

लिहिण्याचा पण फायदा होतो, फक्त पद्धत आहे. जेम्स पेनबेकरच्या 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहिलं. ज्यांनी काय झालं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरं नाही तर जास्त वाईट वाटलेलं, हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी वही फेकाल. नंतरच्या अभ्यासांत फायदा छोटाच दिसलाय, जादू नाहीये. घटना अगदी ताजी असेल तर थांबा, आणि चार दिवस तेच ते गोल गोल लिहिलं जात असेल तर बंद करा, त्यापेक्षा कोणाशी बोला.

बोला म्हणजे कोणाशी? एक माणूस पुरतो. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं सगळं वाट्याला आलेल्यांपैकीसुद्धा साधारण एक तृतीयांश मुलं छान मार्गी लागली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं एखादं मोठं माणूस, आईवडीलच असं नाही, आजी, शिक्षक, कोणीही. तर असा एक जण शोधा आणि सरळ सांगा, "मला सल्ला नकोय, वीस मिनिटं नुसतं ऐक." हे सांगितलं नाही तर समोरचा उपाय सुचवत बसतो आणि आपण अजून चिडतो.

मग ताकदीचं काय? बरेच महिने गेल्यावर "पूर्वी जमत नव्हतं, आता जमतं" अशी यादी करा, पण त्यात "मी स्ट्राँग झाले" असलं काही नको. कर्जाचे कागद स्वतः वाचून प्रश्न विचारता येतात, वसुलीचा फोन आला तर आवाज न कापता बोलता येतं, आजारी माणसाच्या फायली लावता येतात, असं हाताला लागणारं लिहा. तेच पुढे दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतं. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990 च्या दशकात आघातानंतरच्या वाढीवर, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर माणसात होणाऱ्या चांगल्या बदलावर, काम केलं, त्यांचंही म्हणणं हेच की वाढ घटनेमुळे नाही तर नंतरच्या झगड्यातून होते, आणि दुःख तिच्या सोबत राहू शकतं. काहींच्या यादीत फार काही येतही नाही, ते नुसते पूर्वीसारखे जगायला लागतात. माझ्या मते तेही भरपूर झालं.

हे सगळं त्रास होऊन गेल्यावरचं आहे बरं का. घरात मारहाण चालू असेल किंवा ऑफिसात रोज छळ होत असेल तर तिथे सहनशक्ती वाढवत बसू नका, बाहेर पडायची तयारी करा, गोल करायचं पहिलं काम तेच. झोप, भूक, मन दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरकडे जा, आणि जगूच नये असं वाटत असेल तर आठवडे मोजू नका, आजच कोणाला तरी सोबत घेऊन जा.