खाऊ वाटून झाला, तरी वजनाचा काटा हलत नाही? या चुका टाळा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर कामाला नव्याने येणारी मुलं-मुली पहिल्याच महिन्यात एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, घरपोच आहाराची पाकिटं दिली, अंडी दिली, शेंगदाण्याचे लाडू दिले, तरी हे पोर तक्त्यावरच्या लाल रेघेखालीच (म्हणजे फारच कमी वजनाचं) अजून कसं?" प्रश्नात वैताग असतो आणि पुढच्याच वाक्यात तो आईवर निघतो. आई अडाणी आहे, तिचं लक्ष नाही, तिला सांगून कळत नाही. मीसुद्धा सुरुवातीला असंच बोलायचे. मग एका आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, मी दोन दिवस एका घरी राहिले. त्या बाईच्या दिवसात पोराला भरवायला निवांत पंधरा मिनिटंही कुठून निघत नव्हती, ते पाहिलं आणि गप्प बसले.

हे लिहिते आहे ते नव्या अंगणवाडी सेविकांसाठी, आशांसाठी आणि दिवाळीत टेम्पोभर मदत घेऊन येणाऱ्या मंडळींसाठी. ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक आपल्याच आहेत.

मोजण्यातच घोळ

वजन वाढत नाही असं म्हणण्याआधी काटा तपासा. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवलेला काटा खोटं बोलतो. काट्याखाली फळी ठेवा, शून्य पाहा, मुलाच्या अंगावरचे जाड कपडे आणि वाळे उतरवा. एका महिन्यात जेवणाआधी आणि दुसऱ्या महिन्यात जेवणानंतर वजन घेतलं, तर पावशेराचा फरक आपणच घडवलेला असतो. उंचीचंही तसंच. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, त्यापुढे उभं करून. रडणाऱ्या पोराचे गुडघे सरळ झाले नाहीत की एखादा सेंटिमीटर सहज हुकतो आणि मूल एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जातं. कागदावर सुधारणा होते, पोर तिथंच असतं.

दंडघेराची पट्टी त्यातल्या त्यात सोपी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, म्हणजे आपण ज्याला सॅम म्हणतो ते. साडेअकरा ते साडेबारा मध्यम, म्हणजे मॅम. पट्टी करकचून आवळू नका आणि सैलही सोडू नका.

आणि पाय बघा. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खळगा तसाच राहिला, तर ती सूज आहे. असं मूल वजनाला ठीक दिसतं, गालही भरलेले दिसतात, घरचे "बाळसं धरलंय" म्हणतात. वजन पाण्याचं असतं. अशा मुलाला घरी खाऊ-पिऊ घालून बरं करू असा हिय्या करू नका, थेट दवाखान्यात न्या.

खुरटलेलं मूल आणि लुकडं मूल एकच समजणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी. लुकडेपणाचा आकडा चौथ्या फेरीतही २५.६च होता. तीव्र लुकडेपणा मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेला. लुकडेपणा हा सहसा गेल्या काही आठवड्यांचा हिशोब असतो. जुलाब झाले, ताप आला, घरातलं धान्य संपलं. खुरटणं ही लांबची उधारी. ती आईच्या पोटात असल्यापासून चढत जाते आणि दोन वर्षांनंतर फारशी फिटत नाही.

त्यामुळे तीन वर्षांच्या बुटक्या पण अंगाने बऱ्या मुलाला जादा लाडू चारून काही साधत नाही. तोच लाडू त्याच्या गरोदर आईला मिळायला हवा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं हेच सर्वेक्षण सांगतं. स्वतःची वाढ पुरी न झालेली पोर बाळंत होते, बाळ अडीच किलोच्या आत भरतं, आणि दोन वर्षांनी आपण तिला आहाराचे तक्ते दाखवायला जातो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. ती रोज खरंच येऊन जेवते का, की डबा घरी जातो आणि सासऱ्याच्या ताटात उतरतो, हे बघायला कुणी जात नाही.

"काय खाऊ घालता?" असं विचारणं

हा प्रश्न विचारलात की उत्तर ठरलेलं: "सगळं खातं." आईला परीक्षा दिल्यासारखं वाटतं आणि ती पास होण्यापुरतं बोलते. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. काल उजाडल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? त्या वेळी तू कुठे होतीस? दुपारी कुणी भरवलं? वाटीत किती उरलं, ते कुणी खाल्लं? बहुतेक वेळा कळतं की दुपारी भरवणारी सात वर्षांची बहीण होती. तिलाही भूक लागलेली होती, आणि बाळाने तोंड फिरवलं की तिचं काम संपलं.

पाकिटाचंही असंच विचारा, पण आवाज न चढवता. घरात चार पोरं असतील तर एकाच्या नावाचं पाकीट चौघांत वाटलं जाणार. कुठलीही आई तेच करेल, तुम्ही-आम्हीही. अंगणवाडीच्या पूरक आहाराचं गणित २०२३ पर्यंत दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचं होतं, आणि तीव्र कमी वजनाच्या मुलासाठी ८०० उष्मांकांचं. तो पूरक आहे, घरच्या जेवणावर वरचा. घरात जेवणच उणं असेल, तर तो त्या खड्ड्यात जिरून जातो आणि मूल होतं तिथेच राहतं. अशा घरी मूल एकटं मोजून भागत नाही. रेशनकार्ड आहे का, त्यावर नव्या बाळाचं नाव चढलं का, रोजगार हमीची मजुरी अडकली आहे का, हेही तुमच्याच वहीत यायला हवं.

वरणाचं पाणी आणि पाच रुपयांचा पुडा

उष्टावण लांबतं. सहा महिने पुरे झाले तरी आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत नुसतं अंगावरचं दूध चालू राहतं, आणि मग सुरू होतं ते वरणाचं पाणी, भाताची पेज. पोट भरतं, अंगाला लागत नाही. बाळाचं पोट केवढंसं. किलोमागे साधारण तीस मिलिलिटर धरा, म्हणजे सहा किलोच्या बाळाला एका वेळी मोठी वाटीभरसुद्धा जात नाही. ती वाटी पाण्याने भरली तर जेवणाला जागा कुठे उरली? मी चमचा उभा धरून दाखवते: चमच्यावरून जे घरंगळतं ते पातळ, जे टिकतं ते बाळाचं. वरणातली डाळ कुस्करून भातात, नागलीची (नाचणीची) पेज घट्ट, त्यात चमचाभर तेल. एका छोट्या चमच्यात पंचेचाळीसेक उष्मांक असतात. दुधाशिवाय वरून लागणारी ऊर्जा सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला साधारण २०० उष्मांक, वर्षाच्या पुढे ५५०. म्हणजे दिवसभरात तीन-चार चमचे तेलाने किती उचल मिळते, ते तुम्हीच बघा. सुकट भाजून, कुटून, भातात कालवणं इथे घरोघरी जमतं आणि ते बाळाला चालतं, हे मात्र कुणी सांगत नाही. आहाराच्या तक्त्यावर सफरचंद असतं.

आता पुड्याचं. बिस्किट आणि चहा हा आमच्याकडे बाळाचा नाश्ता झाला आहे, आणि नळ्या-कुरकुरे ही दुपारची समजूत. यावर भाषण देणं सोपं. पण आई पहाटे कामावर निघताना जे शिजवावं लागत नाही, नासत नाही, पाच रुपयांत येतं आणि पोराला गप्प करतं, अशी दुसरी वस्तू तिच्याकडे कुठली आहे? तिला पर्याय द्या, मग पुडा सोडायला सांगा. भाजलेल्या नागली-हरभऱ्याचं गूळ घातलेलं पीठ डब्यात आठवडाभर राहतं, बहीणसुद्धा पाण्यात कालवून भरवू शकते. पाणी तेवढं उकळलेलं. चहा मात्र बंदच करा. तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि राज्यात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं आधीच रक्ताने कमी आहेत.

"दात येताना जुलाब होतातच"

नाही होत. दात येण्याच्या वयात मूल रांगतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, म्हणून होतात. वर्षातून पाच-सहा वेळा जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्याला अन्न धरवतच नाही, मग तुम्ही काहीही चारा. मुंबईतल्या गोवंडीच्या वस्तीत असो की मोखाड्याच्या पाड्यावर, पाणी आणि संडास यांची चौकशी न करता वजनाचं कारण सापडत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पेल्यात निम्मं-निम्मं करून दिलं जातं, ही रोजची चूक. लिटरभर मापाची बाटली आधी दाखवा. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फळीवर राहतात. आजारात खाणं बंद करू नका आणि बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. आजारात गेलेलं वजन त्याच पंधरवड्यात परत येतं, नंतर ते आणणं फार कठीण.

एवढं करूनही काटा हलला नाही तर? मग आहाराच्या गप्पा थांबवा. घरात कुणाला खोकला आहे का, क्षयाची औषधं चालू आहेत का, ते विचारा. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का बघा, आपल्या आदिवासी पट्ट्यात ती चुकवून चालत नाही. जंतनाशकाची गोळी कधी घेतली? आणि सॅमचं मूल मलूल असेल, अंग गार लागत असेल, समोर धरलेलं खात नसेल, तर त्याला बळेबळे भरवू नका. त्याच्या शरीराला एकदम आलेलं जेवण पेलत नाही. त्याची सुरुवात पोषण पुनर्वसन केंद्रात मोजून दिलेल्या आहाराने होते.

तिथून आई चौथ्या दिवशी पोराला घेऊन निघून आली, तर कपाळाला हात लावू नका. चौदा दिवस राहायचं तर घरची बाकीची पोरं कुणाकडे, हा प्रश्न दाखल करण्याआधी सुटायला हवा. बुडीत मजुरी मिळते हे तिला माहीत असतं. ती कधी हातात पडते, हेही तिने शेजारणीकडून ऐकलेलं असतं.

"गैरहजर" असा शेरा मारून मोकळं होणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दिवाळी झाली की पाडे ओस पडतात. लोक "जगायला" जातात, हा इथला शब्द. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. पावसाळ्याआधीच घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडायची असते. पावसाळ्यात आवणीच्या धांदलीत आणि रिकाम्या कोठीत मूल एकदा उतरलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपण त्याला कसंबसं वर काढतो आणि नोव्हेंबरात ते हजेरीपटावरून नाहीसं होतं.

एका जानेवारीत आम्ही अशा एका भट्टीवर गेलो होतो. गावाच्या यादीत "स्थलांतरित" लिहिलेली दीड वर्षाची मुलगी विटांच्या आडोशाला चिंध्यांच्या झोळीत होती. सप्टेंबरात तिचा दंडघेर १२.१ सेंटिमीटर होता, तिथे भरला ११.२. आई-बाप पहाटे तीनला गाऱ्यात उतरत. आठवड्याच्या खर्चीत तांदूळ, बटाटे आणि तिखट-मीठ यायचं. सर्वांत जवळची अंगणवाडी दीड किलोमीटरवर होती. तिथल्या सेविकेला या पोरांची खबर नव्हती आणि आमच्या सेविकेने कळवलंही नव्हतं. दोघींच्याही नोंदी चोख होत्या.

तेव्हापासून आम्ही ऑक्टोबरातच विचारून ठेवतो: कुठे जाणार, मुकादम कोण, फोन कुणाकडे. खात्याच्या ॲपात स्थलांतराची नोंद होते, ती कराच. पण तिथल्या सेविकेला एक फोनही करा, तो लवकर लागतो. दंडघेराची एक पट्टी आईला देऊन ठेवा. तिला अंक वाचायला लागत नाहीत, पट्टीवरचा रंग पुरतो. आणि होळीला मंडळी हमखास परततात. तेव्हा वजन-उंचीची तारीख महिन्याच्या ठरल्या दिवसावर ठेवू नका, होळीच्या दुसऱ्या दिवशी धरा. त्या दिवशी एकही पोर पाड्याबाहेर नसतं.